तलाव बघायचा तर मे महिन्यात

पत्र : मुंबईत बंदरात 34 वर्षं नोकरी करून गेल्या वर्षी निवृत्त झालो. वय 60. पत्नी मूळची साकोलीकडची. माझ्याकडे चौदा फुटी फायबरची बोट आहे, तिला छोटं इंजिन आहे. शहराचा कंटाळा आला. पूर्व विदर्भात इतके तलाव आहेत, तर त्यातल्या एखाद्याच्या काठी, घरासमोर बोट बांधता येईल अशा गावात कायमचं राहायला यावं असं ठरवलं आहे. डिसेंबरात येऊन तीन-चार ठिकाणं पाहिली. अर्जुनी-मोरगाव तालुक्यात एका एजंटाने ‘लेक टच’ प्लॉट दाखवला, पाणी अगदी पायाशी. टोकन मागतोय. देऊ का? की दुसरा एखादा तलाव बोटीसाठी बरा? पत्नीचे गुडघे दुखतात आणि तिला बीपी आहे, एवढीच काय ती अडचण.

उत्तर :

भाऊ, टोकन देऊ नका. निदान मे महिना उलटेपर्यंत तरी नाहीच.

डिसेंबरात आमच्याकडचा कुठलाही तलाव नवरदेवासारखा सजलेला असतो. पाऊस सरलेला, धान कापून झालेलं, पाणी पाळीला, म्हणजे तलावाच्या बांधाला टेकलेलं, बाहेरदेशची बदकं उतरलेली. एजंट लोक गिऱ्हाईक आणतात ते याच दिवसांत. एप्रिलमध्ये ते फोन उचलतात, पण ‘आता ऊन फार आहे, पावसाळ्यानंतर या’ असं सांगतात.

हे मी शहाणपणाने सांगत नाही. पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता म्हणून माझी हयात गेली आणि तरीही मी फसलो. लाखनीकडच्या एका तलावाकाठी जानेवारीत मला एक जागा आवडली. मोहाचं झाड, समोर पाणी. घेऊन टाकली. मे महिन्यात बायकोला दाखवायला नेलं तर पाणी अर्धा किलोमीटर मागे गेलेलं. मध्ये भेगाळलेली गाद, बेशरमाची झुडपं, म्हशी, आणि ओल होती तिथे कुणीतरी काकडीचे वेल लावलेले. बायको म्हणाली, “तलाव गेला कुठं जी?” मला उत्तर माहीत होतं. ते पाणी उन्हाळी धानाला सोडण्याच्या कागदावर माझीच सही होती.

तुम्ही ज्याला लेक म्हणता ते आमच्याकडे धानाचं कोठार असतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यातले जुने तलाव बहुतेक मालगुजारी, म्हणजे मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) ताब्यातले. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी ते बांधले. उतार ओळखून मातीची पाळ घालायची, पाणी सोडायला तुडूम ठेवायचं, खाली धानाच्या बांध्या पाडायच्या. सगळा हिशोब रोवणीचा. पावसाने दडी मारली की आधी पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं जगवायची, नंतर रोवलेलं धान. 1951 साली मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, पण पाणी कशासाठी हे काही बदललं नाही. खालच्या शेतकऱ्याने पाणी मागितलं की ते सुटणार, तुमची बोट चिखलात बसली तरी. आणि तसंच असायला हवं.

म्हणून पहिली चाळणी अशी लावा की उन्हाळ्यातही नाव तरंगेल इतकं पाणी कुठे उरतं. गावतलाव इथेच बाद होतात. उरतात मोठे तलाव आणि धरणांचे जलाशय.

अर्जुनी-मोरगाव तालुक्यातलं नवेगावबांध तुमच्या मनात असेलच. अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेला हा तलाव सुमारे 11 चौरस किलोमीटरचा, भोवती सात बहिणींचे डोंगर. देखणेपणात पूर्व विदर्भात त्याला तोड नाही, हे माझं मत आणि मी ते बदलणार नाही. पण लगतच 1975 पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि 2013 पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. तिथे पर्यटकांच्या नावा फिरतात त्या परवानगीच्या, ठरलेल्या भागात, ठरलेल्या वेळेत. खासगी माणसाने इंजिन लावून बदकांच्या थव्यात घुसावं, हे वनखातं चालवून घेणार नाही आणि गावही नाही. नवेगाव राहायला उत्तम आहे. इंजिनच्या बोटीला नाही.

त्याच तालुक्यात गोठणगावजवळ गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण आहे. पाणी खोल, झिंगे प्रसिद्ध, शेजारी तिबेटी लोकांची जुनी वसाहत. शांतता म्हणाल तर कानात वाजेल इतकी. रात्री आठनंतर बीपी वाढलं तर मात्र ती शांतता नको होईल. गोंदियाचं मेडिकल कॉलेज गाठायचं तर मध्ये जंगलाचा रस्ता आहे, आणि त्या रस्त्यावर रात्री गाडी चालवायला मीही कचरतो.

गोसीखुर्दबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी सांगणारच, म्हणून जरा सविस्तर लिहितो. वैनगंगेवर पवनीजवळ 33 दरवाजांचं धरण, 1988 साली राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी. पाण्याचा विस्तार पाहिला तर समुद्र आठवेल तुम्हाला. आंभोऱ्याला नवा मोठा पूल झाला, जलपर्यटनाच्या योजना आल्या, त्यामुळे जागांचे भाव फुगले. बोटीला पाणी भरपूर, हे खरं. पण तीन गोष्टी आहेत. एक, नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून वैनगंगेला येतं. त्यावर जलपर्णी पोसते. कन्हानच्या बाजूला इंजिनच्या पंख्यात जलपर्णी अडकून इंजिन बंद पडलं की वल्हं मारत परत यावं लागतं, आणि ते हिरवं गालिचासारखं पसरलेलं असतं त्यातून वल्हंही चालत नाही. दोन, पाण्याखाली झाडांचे बुंधे उभे आहेत. पाणी उतरतं तसे ते वर येतात. जे वर दिसतात त्यांची भीती नाही, वीतभर खाली असतात त्यांची आहे.

तिसरी गोष्ट बोटीची नाही. त्या पाण्याखाली गावं आहेत. घरं, देवळं, स्मशानं, बांध्या. तिथून उठलेली माणसं काठावरच्या नव्या गावठाणांत राहतात आणि मोबदल्याची, नोकरीची, भूखंडाची भांडणं अजून संपलेली नाहीत. तुम्ही रविवारी ज्या पाण्यावरून फेरफटका माराल त्याच्याकडे बोट दाखवून शेजारचा म्हातारा म्हणेल, “तिथं आमचं घर होतं.” राहू नका असं मी म्हणत नाही. पण ‘लेक व्ह्यू’ हा शब्द त्याच्यासमोर उच्चारू नका.

आणि नदीकाठच्या गावात घर बघाल तर जुन्या भिंतींवर 2020 च्या ऑगस्टच्या पुराची खूण विचारा. वर मध्य प्रदेशातल्या संजय सरोवर धरणाचं पाणी सुटलं, इकडे भंडारा शहरात घरांत पाणी शिरलं. पाटबंधारे विभागाकडे पूररेषेचे नकाशे असतात. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. एजंटाला रेषेचा रंग विचारून बघा, त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

चंद्रपूर जिल्ह्यातले घोडाझरी आणि आसोलामेंढा, दोन्ही ब्रिटिश काळातले मोठे तलाव, दोन्ही सुंदर. पण घोडाझरी आता अभयारण्य आहे, आणि ब्रह्मपुरीच्या त्या सगळ्या टापूत वाघ आणि माणूस यांचं जे चाललंय ते वर्तमानपत्रात तुम्ही वाचत असालच. मोहफुलं वेचायला गेलेली माणसं परत येत नाहीत. साठीनंतर हौस म्हणून तिथे जाऊ नये. पेंचच्या तोतलाडोहाचं तर नावच काढू नका, तो व्याघ्र प्रकल्पाच्या आत आहे. लोणारचं पाणी खारं, तिथे बोटीचा प्रश्नच नाही. पश्चिम विदर्भात अप्पर वर्धा आहे, मोर्शीजवळ सिंभोऱ्याला, पण अमरावती शहर तेच पाणी पितं आणि वहिनींचं माहेर तिथून उलट्या टोकाला.

राहिला रामटेकचा खिंडसी तलाव. तिथे नौकाविहार वर्षानुवर्षं चालू आहे, म्हणजे पाण्यावर इंजिन दिसलं की लोक दचकत नाहीत. नागपूर 50 किलोमीटरच्या आसपास, रामटेकहून रेल्वे आहे, गावात दवाखाने, औषधं, बाजार. शनिवार-रविवारी गर्दी आणि भोंगे असतात. नवेगावच्या पहाटेची सर तिथल्या पहाटेला नाही. तरी सर्वांत सोयीचं तेच.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. तुम्ही तलाव शोधताय, मी म्हणतो आधी ढिवर, म्हणजे तिथला मासेमार शोधा. आमच्याकडच्या बहुतेक कामाच्या तलावांवर मच्छीमार सहकारी संस्था असते. तिने तलाव ठेक्याने घेतलेला असतो, पावसाळ्यात रोहू, कतला, मृगळाचं बीज सोडलेलं असतं, कुठे कुठे शिंगाड्याचे वेल लावलेले असतात. पाण्यावर तुम्हाला काही दिसत नाही, फक्त प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या तरंगताना दिसतात. त्या कचरा म्हणून उचलू नका. त्या जाळ्याच्या खुणा आहेत. जाळं टाकणारा माणूस डोंग्यातून नाहीतर मोटारीच्या ट्यूबवर बसून रात्री ते टाकून गेलेला असतो. तुमचा पंखा त्यावरून गेला की त्याची महिन्याची कमाई फाटते.

माझ्या ओळखीतल्या एका निवृत्त गृहस्थांनी असंच केलं. वाईट माणूस नव्हता, फक्त त्याने विचारलं नाही. पहिल्या वर्षी दोन जाळी फाटली, त्याने पैसे देऊ केले, त्यात आणखी अपमान झाला. दुसऱ्या वर्षी त्याच्या बोटीचं बूच कुणीतरी काढून ठेवलं. तिसऱ्या वर्षी त्याने इंजिन विकलं आणि संस्थेच्या अध्यक्षाकडे जाऊन बसला. अध्यक्ष म्हणाला, “साहेब, मोटारीनं आलात तं जाळं फाटते. वल्ह्यानं या, चहा पिऊन जा.” आता त्याची बोट संस्थेच्या घाटाला असते आणि पावसाळ्यात ती उपसायला त्याला कुणाला सांगावं लागत नाही.

बोटीला अनुकूल गाव म्हणजे काय, असं विचाराल तर मला एवढंच कळतं. जिथे तुमची नाव दिवसभर दिसली नाही तर काठावरचा कुणीतरी शोधायला निघेल ते. धक्का, रॅम्प, पार्किंग हे सगळं नंतर होतं. आणि असं गाव एजंट दाखवू शकत नाही.

जमिनीबद्दल थोडं कडक बोलतो. ‘लेक टच’ म्हणजे कायद्याने काही नसतं. जलाशयाच्या पूर्ण संचय पातळीपर्यंतची, म्हणजे पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर येतं तिथवरची जमीन सरकारची. पाणी उतरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन शेतकऱ्यांना हंगामापुरती कसायला दिली जाते, तेव्हा उन्हाळ्यात तुमचं अंगण म्हणजे दुसऱ्याचं शेत. त्याच्या पलीकडचा प्लॉट शेतजमीन असेल तर तुम्ही शेतकरी आहात का, हा प्रश्न येतो. विदर्भाला 1958 चा स्वतंत्र कुळकायदा आहे आणि बिगरशेतकऱ्याला शेतजमीन तशी घेता येत नाही. वहिनींचं नाव माहेरच्या सातबाऱ्यावर असेल तर गोष्ट सोपी होते. नसेल आणि तो त्यांचा हक्क राहून गेला असेल, तर तलावाआधी ते काम करा.

सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग-2’ दिसलं तर परवानगीशिवाय खरेदी होत नाही. पुनर्वसनाचे भूखंड बरेचदा यातच असतात. आदिवासींची जमीन असेल तर विचारही करू नका, कायद्यानेही आणि माणूस म्हणूनही. आणि एक खास आपल्या भागाचा शब्द शोधा, ‘झुडपी जंगल’. तलावांच्या भोवतीची माळरानं पुष्कळदा या नोंदीखाली असतात. 2025 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन वनच असल्याचं सांगितलं आहे. एजंट म्हणेल की हे सगळं ‘होऊन जाते’. त्याचं कमिशन तेवढं होऊन जाते.

जमत असेल तर काठावर घर घेऊच नका. गावठाणात घ्या, जिथे रस्ता पावसाळ्यात बंद होत नाही. काठावर साप, डास आणि पावसाळ्यात चारही बाजूंनी ओल. आमच्या पूर्वेकडच्या जिल्ह्यांत हत्तीपायाच्या गोळ्या घरोघर वाटतात त्या उगाच नाहीत. दहा मिनिटं चालत किंवा स्कूटरने तलाव, एवढं अंतर मला योग्य वाटतं. गुडघ्यांसाठी स्कूटर.

बोटीचं म्हणाल तर तुम्ही बंदरातले, तुम्हाला मी काय शिकवणार. पण खाडीचा माणूस तलावाला हलका समजतो आणि तिथेच चुकतो. इथे भरती-ओहोटी नाही, पण वैशाखातलं वादळ चार वाजता कुठून उठतं ते कळत नाही, आणि उघड्या जलाशयावर लाटा आखूड आणि उभ्या येतात. जून-जुलैत वीज. 2021 च्या सप्टेंबरात वरूड तालुक्यातल्या झुंजला वर्धा नदीत नाव उलटली आणि 11 जण गेले. घाटावर सोडायला आलेल्यांच्या डोळ्यांदेखत अशा गोष्टी होतात. आमच्याकडे लाइफ जॅकेट घालणाऱ्याला लोक हसतात. तुम्ही घाला, हसू द्या. दोन-चार जास्तीची आणलीत आणि संस्थेच्या घाटावर टांगलीत तर ओळख करून द्यायला दुसरं काही लागणार नाही.

कागदांचं : 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणे इंजिनवर चालणाऱ्या नावेला नोंदणी आणि तपासणी लागते. मुंबईत केली असेल तर ते कागद जपून आणा. शिवाय जलाशय ज्या विभागाचा, त्या कार्यकारी अभियंत्याची परवानगी लेखी घ्या. तोंडी ‘चालवा हो’ म्हणणारा अधिकारी पुढच्या बदलीत निघून जातो. मीही असाच किती जणांना म्हणून निघून गेलो आहे.

आता वहिनी. तुमच्या पत्रात त्या दोनदा येतात. एकदा साकोलीच्या म्हणून आणि एकदा गुडघ्यांसाठी. त्यांना काय हवंय ते मला कळलं नाही, तुम्हाला कळलंय का तेही कळलं नाही. त्या तलावाच्या मुलखात वाढल्या आहेत. उन्हाळ्यात पाणी कुठवर जातं, कोणत्या पाळीवरून संध्याकाळी जायचं नाही, कोणत्या गावात परक्याला सामावून घेतात, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. डिसेंबरात जागा पाहायला आलात तेव्हा त्या बरोबर होत्या का? पत्रावरून तरी तसं वाटत नाही.

मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं. बोट मुंबईतच ठेवून मेच्या दुसऱ्या आठवड्यात वहिनींसह रामटेकला एक घर भाड्याने घेतलं असतं, वर्षभरासाठी. तिथून खिंडसी रोज, आणि महिन्यातून एकदा कोहमाऱ्यावरून वळून नवेगाव आणि इटियाडोह, दोन-दोन दिवस मुक्काम. एक पावसाळा, एक हिवाळा, आणि पुन्हा एक उन्हाळा बघितला असता. नवेगावचा मोह सुटला नसता तर इंजिन विकून तिथे गेलो असतो, वल्ह्यांवर. सुटला असता तर रामटेकलाच राहिलो असतो आणि टेम्पो पाठवून बोट आणवली असती.

टोकनची मुदत एजंट वाढवून देतो म्हणेल. त्याला सांगा, मे महिन्यात दुपारी बारा वाजता त्याच प्लॉटवर भेटू. आला तर चपला घालून पाण्यापर्यंत दोघे चालत जा आणि किती पावलं झाली ते मला कळवा.